मोहाची चव आणि तिचे साक्षीदार

१/ १९०७ साली अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या सामानात स्कॉच व्हिस्कीच्या पेट्या होत्या. त्यांपैकी काही त्याच्या लाकडी झोपडीखालच्या बर्फात शतकभर पडून राहिल्या. त्या व्हिस्कीशी जिचे नाव जोडले जाते ती इन्व्हरनेसची ‘ग्लेन व्होर’ भट्टी १९८३ मध्ये बंद पडली.

२/ २०११ मध्ये त्यांतील तीन बाटल्या स्कॉटलंडला नेऊन मद्याचे रासायनिक पृथक्करण झाले. मग रिचर्ड पॅटर्सन यांनी जुन्या-नव्या व्हिस्कींच्या मिश्रणातून तिची प्रतिकृती सिद्ध केली. भट्टी नष्ट झाली होती, पण साक्षीदार शाबूत होता : न उघडलेली बाटली.

३/ आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. पालेगाव, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा ब्रिटिश काळी त्याच जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात होता. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहाची फुले वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची आणि भट्टी लावायची, हे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांचे जुने ज्ञान. टंचाईत हीच फुले शिजवून पोटही भरले जाई.

४/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे गुन्हा ठरवले. उरणच्या मोठ्या परवानाधारक भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात राहिली. त्यासाठी फुले मात्र गुजरातेतील पंचमहालासारख्या दूरच्या मुलखातून येत.

५/ पाड्यावरची चोरटी भट्टी तरीही विझेना. तेव्हा १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. दारूवरचा कर वाचवण्यासाठी सरकारचा हात थेट झाडाखालच्या टोपलीपर्यंत पोहोचला.

६/ सरकारी दप्तरात या दारूची तीव्रता सापडते : ‘२५ अंडर प्रूफ’, ‘६० अंडर प्रूफ’. कर तीव्रतेवर बसतो, चवीवर नाही. पाड्यावरच्या दारूची चव राहिली ती चोरून गाळणाऱ्या हातांत.

७/ २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील निर्बंध उठवले. २०२४ मध्ये डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ हे मोहाचे मद्य बाजारात आणले. १८९२ मध्ये डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. जिथे फुले जवळ बाळगणे संशयास्पद ठरले होते, तिथूनच आज त्यांची प्रतिष्ठित बाटली निघते.

८/ शॅकल्टनच्या व्हिस्कीचा साक्षीदार मुका होता. त्याला प्रयोगशाळेने बोलते केले. मोहाचे साक्षीदार बोलू शकतात. नव्या बाटलीच्या किमतीत पहाटे फुले वेचणाऱ्या त्या हातांचा वाटा किती, यावरच काय पुनरुज्जीवित झाले ते ठरेल : केवळ चव, की हक्कही.