परक्या घरातील पहिले दिवस

विमानतळावर निरोप देणाऱ्यांचे डोळे कोरडे होतात न होतात तोच परक्या देशातील पहिली अडचण पुढे उभी राहते, आणि ती बहुधा अगदी क्षुल्लक असते. आमच्या वसईतील धर्मग्रामातून एक मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी गेली. जर्मन भाषेची परीक्षा ती येथेच उत्तीर्ण झाली होती. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले होते. तेथे राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला हवा. शनिवारी पाव-दूध आणावयाचे राहिले, तर रविवारी बहुतेक दुकाने बंद! पहिला रविवार तिने सोबत नेलेल्या चिवड्यावर काढला. हे सारे ती आम्हांस फोनवर हसत हसत सांगे. पण त्या हसण्यामागील एकटेपण लपत नसे.

खरी कसोटी रुग्णालयात होती. १ जानेवारी २०२० पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार हे शिक्षण तीन वर्षांचे असून, त्यात वर्गातील अध्यापनाचे किमान २,१०० तास, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान २,५०० तास असतात. म्हणजे पुस्तकापेक्षा रुग्णशय्येपाशीच अधिक वेळ. पहिल्या सकाळी तिच्या हाती सुई आली नाही की औषध आले नाही. एका वृद्धेचे अंग पुसावयाचे, केस विंचरावयाचे, चादर बदलावयाची आणि न्याहारी पुढे ठेवावयाची, एवढेच काम. आपल्याकडे ही सेवा बहुधा रुग्णाचे नातेवाईक करतात; तेथे ती परिचारिकेच्या कर्तव्याचाच भाग आहे. "फादर, आईला सांगू नका. याचसाठी का कर्ज काढले, असे ती म्हणेल," मुलगी म्हणाली.

त्यात भाषेनेही दगा दिला. ती वृद्धा ऱ्हाईनकाठची बोली बोले, आणि वर्गात शिकलेली जर्मन तिच्यापुढे लंगडी पडे. खरे तर हे आमच्या मुलीला नवे नव्हते. तिच्या घरी कादोडी बोलतात. तिची आजी आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी शुद्ध मराठीत विचारले, आणि आजीने आपली कळ कादोडीतच सांगितली. दुखणे नेहमी घरच्या बोलीतच बोलते.

आम्ही तिला एवढेच विचारले, "बाळ, त्या आजी तिथे कधी आल्या?"

"परवाच, फादर."

"मग त्याही तुझ्यासारख्याच नवख्या."

ती क्षणभर थांबली. रुग्णालयातील पहिला दिवस म्हणजे परदेशगमनच नव्हे काय? अंगावरचे कपडे आपले नसतात, जेवणाची वेळ आपली नसते, भोवतालचे लोक न कळणारे शब्द बोलतात, आणि कोणाला काय विचारावे हे उमगत नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्या वृद्धेला नम्रपणे विनविले, की आपण सावकाश बोला, मला आपली बोली शिकावयाची आहे. आठवडाभरात आजीबाई तिच्या शिक्षिका झाल्या. मग आईला सारे तिनेच कळविले.

सेमिनरीत लॅटिन शिकताना 'होस्पेस' हा शब्द आम्हांला भेटला होता. त्याचे दोन्ही अर्थ होतात : पाहुणा आणि यजमान. 'हॉस्पिटल' हा शब्द त्याच कुळातला. जो स्वतः कधी पाहुणा झाला नाही, त्याला यजमानपण कसे साधावे?

आज ड्युसेलडॉर्फचाच भाग असलेल्या कायझर्सव्हर्थ येथे १८५१ साली एक इंग्रज स्त्री अशीच शिकावयास आली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिचे नाव. वय ३१, घरच्यांचा विरोध. पहाटे पाच वाजता उठून ती सुमारे तीन महिने तेथे राबली. पुढे १९६० च्या दशकात केरळातील अनेक कॅथलिक तरुणी परिचारिका होण्यासाठी पश्चिम जर्मनीत गेल्या. आमची मुलगी त्याच वाटेवरची.

मायबापहो, मुलांचा फोन आला की आपण पैसे आणि थंडी यांचीच चौकशी करतो. ती अवश्य करावी; पण आज तुला कोणी मदत केली, आणि तू कोणाला केलीस, हेही विचारावे. आणखी एक विनंती. आपल्या गावच्या इस्पितळांतही केरळहून आलेल्या मुली रात्रपाळी करतात. भाड्याच्या खोलीत राहतात, आपली भाषा अडखळत बोलतात. त्यांचा रविवार कसा जातो, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे? येत्या रविवारी एखादीला आपल्या घरी जेवावयास बोलवावे. आपली लेक परमुलखात कोणाच्या तरी दाराकडे डोळे लावून बसली असेल, हे तिच्या ताटात वाढताना आपोआप आठवेल.