फॉर्मवरचा पहिला रकाना

बारावीचा निकाल लागला की ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून आमच्याकडे फोन सुरू होतात. "मावशी, मुलीला तिकडच्या युनिव्हर्सिटीत घेतील का?" प्रश्न एकच, पण विचारणारे दोन तऱ्हेचे. एकाला मुलगी शिकून परत यायला हवी असते, दुसऱ्याला मुलीच्या मागोमाग अख्खं घर इकडे आणायचं असतं. पुष्कळदा हे दोघं एकाच घरातले, एकाच स्पीकरवर बोलत असतात, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती बाजूला गप्प बसलेली असते.

यंदा फोन आमच्याच भाचीचा होता. मुलगी ठाण्याची, बारावी सायन्स. तिला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे, तीही बीरशेबाला, आमच्याजवळ राहून. तिच्या आजोबांना अलिया हवी. आई म्हणते, "आधी शिकू दे, मग बघू." आम्ही दोघांनी इथे जेवणाच्या टेबलावर अर्ज उघडला आणि पहिल्याच पानावर थांबलो. नाव, जन्मतारीख, आणि लगेच पुढे: अर्जदार कोण? नागरिक, ओले, की परदेशी विद्यार्थी?

दुसऱ्या देशाहून येणाऱ्या बहुतेक मुलांना हा रकाना भरायला एक सेकंद लागतो. ती परदेशीच असतात. आमच्या मुलीला मात्र दोन्ही उत्तरं लागू पडतात. पासपोर्ट भारताचा, म्हणून परदेशी. परतीच्या कायद्याने हक्काची, म्हणून घरची. अठरा वर्षांच्या पोरीने आपण कोण हे एका खुणेने सांगायचं, आणि त्या खुणेवर फी, व्हिसा, सैन्य सगळं ठरायचं.

म्हणून सगळ्यांना आमचं सांगणं असं की आधी हा रकाना ठरवा, मार्कांचं नंतर बघा. दारं तीन आहेत.

पहिलं परदेशी विद्यार्थ्याचं. त्याला ए-2 व्हिसा म्हणतात. शिकायला यायचं, व्हिसा वाढवत राहायचं, शिकून परत जायचं. इंग्रजीतून पहिली पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत, तेल अवीवला आहेत, हर्झलियाच्या खाजगी विद्यापीठातही आहेत, पण त्यांची फी डॉलरमध्ये मोजतात. आणि नर्सिंगचं काय? खाटेवरची म्हातारी कुठे दुखतं ते हिब्रूत सांगते, किंवा अरबीत, किंवा रशियनमध्ये. इंग्रजीत सांगत नाही. वॉर्डात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं दार अलियाचं. त्यात मिन्हाल हास्तुदेन्तीम, म्हणजे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची फी भरणारं सरकारी खातं, पाठीशी उभं राहतं. मदत चांगली आहे, पण तिला घड्याळ आहे. आल्यापासून 36 महिन्यांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं, पहिल्या पदवीसाठी वयाच्या 27 च्या आत. फी तीन वर्षांची मिळते. नर्सिंगची पदवी चार वर्षांची. चौथ्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे घरातल्यांनी पहिल्या वर्षीच बोलून घ्यावं. सैन्याचा प्रश्नही याच दारात उभा असतो; वय किती आणि आली कधी, हे बघून तो सुटतो.

तिसरं दार फार कमी लोकांना ठाऊक असतं. ज्याला परतीचा हक्क आहे पण नागरिकत्व आत्ताच घ्यायचं नाही, त्याला तात्पुरत्या रहिवाशाचा दर्जा मिळू शकतो. त्याला ए-1 म्हणतात. आजोबांनी हे ऐकल्यावर त्याला "अर्धी अलिया" असं नाव ठेवलं. आई म्हणाली, "अर्धं का होईना, पोरीला विचार करायला वेळ तरी मिळतोय."

ए-1 काय किंवा अलिया काय, आपण यहुदी असल्याचा कागद लागतो. मशिदीचं पत्र, आईवडिलांचा कतुबा. इथे आजोबांचा आवाज चढला. त्यांना 1962 आठवलं. त्या वर्षी आमच्या लोकांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करावी असा हुकूम इथल्या रब्बींनी काढला होता. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये, क्नेसेतने लक्ष घातल्यावर, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत हे मान्य झालं. तेव्हापासून कोणी कागद मागितला की त्या पिढीच्या पोटात गोळा येतो. पोरीने मात्र शांतपणे मशिदीचं पत्र काढलं, स्कॅन केलं आणि पाठवलं. तिच्या लेखी ते मार्कशीटसारखंच एक जोडपत्र.

कागदांवरून नावांचं सांगायला हवं, कारण आमच्या मुलांचे अर्ज मार्कांपेक्षा नावांवर जास्त अडतात. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. समजा, मार्कशीटवर आहे "चेऊलकर लेआ डॅनियल". पासपोर्टवर लेआ चेऊलकर. इथला कारकून मार्कशीट डावीकडून वाचतो आणि डॅनियल हे आडनाव धरतो. झाल्या दोन वेगळ्या मुली! त्यात हिब्रूत "च" असा नाहीच. "त्स"च्या अक्षराला एक छोटी खूण जोडून तो करतात. खूण राहिली की चेऊलकरांचे त्सेऊलकर होतात, आणि कॉम्प्युटरमध्ये ते कोणालाच सापडत नाहीत. वडील शाळेच्या दाखल्यावर इझिकेल आणि इथल्या नातेवाइकांच्या कागदांत येहेझकेल, हा प्रकार तर घरोघरी. तेव्हा पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच सगळीकडे लिहा, जिथे फरक असेल तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि मार्कशीटवर अपोस्टील भारतातच करून घ्या. इथे आल्यावर त्यासाठी ठाण्याला कोणाला तरी पळवावं लागतं.

मग परीक्षा. इकडे बारावीसारखी बग्रूत असते, आणि तिच्या जोडीला पसिखोमेत्री. 200 ते 800 गुण, भाषा, गणित आणि इंग्रजी असे भाग, शिवाय एक निबंध. बोर्डाच्या परीक्षेत आमची मुलं तीन तास सुंदर अक्षरात उत्तरं लिहितात. इथे एकेका भागाला वीस मिनिटं, आणि वीस किंवा त्याहून जास्त प्रश्न. गणित दहावीच्या पलीकडचं नाही, पण वेग असा की हुशार मुलगीही पहिल्या वेळी रडते. बोर्डात नव्वद टक्के म्हणजे इथे दार उघडलं असं समजू नका. तसंच पहिल्या वेळचा आकडा कमी आला म्हणून दार बंद झालं असंही नाही, कारण ती पुन्हा देता येते. हिब्रूसाठी याएल नावाची वेगळी परीक्षा आहे. आणि बारावीचा निकाल लागेपर्यंत ऑक्टोबरच्या वर्गांसाठीचे अर्ज केव्हाच सुरू झालेले असतात, त्यामुळे एक वर्ष मधे जातंच. ते वर्ष वाया गेलं असं नातेवाईक म्हणतात. त्या वर्षाला मखिना म्हणतात, त्यात हिब्रू, गणित आणि इंग्रजी पक्कं करून घेतात, आणि आमच्या पाहण्यातली जी मुलं पहिल्या पदवीत टिकली त्यातली बरीचशी या वर्षातून गेलेली होती.

आम्ही मुंबईत नर्सिंगच्या डिप्लोमाला गेलो तेव्हा मार्कशीट, डॉक्टरचा दाखला आणि मेट्रनची एक मुलाखत एवढ्यावर काम झालं होतं. "रक्त बघून चक्कर येते का?" "नाही." "सोमवारी ट्रंक घेऊन या." आता इथे नवीन मुलीला पदवीशिवाय या कामात पुढे सरकणं कठीण, आणि ते योग्यच आहे. औषधं बदलली, यंत्रं बदलली.

आजोबांचं म्हणणं, शिकून परत जायचं तर एवढा खटाटोप कशाला. त्यांना आम्ही डॉ. जेरूशा झिराड यांची आठवण करून दिली. मुंबईत डॉक्टरकी शिकून त्या लंडनला गेल्या, भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवली, 1919 साली एम.डी. झाल्या, आणि परत येऊन कामा हॉस्पिटलचा कारभार सांभाळला. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यातल्या किती जणांचा जन्म कामामध्ये झाला ते मोजा! परत गेलेलीही आपलीच असते. आजोबा म्हणाले, "ती झिराडबाई होती." आम्ही म्हटलं, "लंडनला निघाली तेव्हा तीही कुणाची तरी पोरच होती." त्यावर ते काही बोलले नाहीत. पटलं असेल असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

शेवटी आम्ही फोनवर मोठ्यांना थांबवलं आणि मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला नर्स व्हायचंय हे नक्की आहे. कुठली, ते आत्ताच का सांगू?" हे वाक्य ऐकून भाची रडली आणि आजोबा उठून गॅलरीत गेले. तिने ए-1 निवडलं. अर्ज मखिनेचा केला आहे, उत्तर यायचं आहे.

तोवर घरात दोन नवस बोलले गेलेत. आईने प्रवेशासाठी एलियाहू हन्नबीचा मलिदा मानला आहे, आणि आजोबांनी नात इथेच राहावी म्हणून वेगळा. पोहे-नारळाचं ताट एकच करायचं की दोन, यावर ठाण्यात चर्चा चालू आहे. मुलगी रोज रात्री वीस मिनिटांचा एक भाग सोडवते आणि गुण आम्हाला पाठवते. काल गणित दोन मिनिटं आधी संपलं. हिब्रू अजून बरंच मागे आहे, म्हणून आता आम्ही तिच्याशी फोनवर मराठी बोलत नाही. तिला राग येतो आणि ती चुकीच्या हिब्रूत भांडते.