वाण आणि गुण

जपानच्या ईशान्येस, सानरिकूच्या थंड समुद्रात, ‘माबोया’ नावाचा तांबूस, गाठाळ प्राणी खडकाला जखडून आयुष्य कंठतो, आणि तेथील लोक तो आवडीने खातात. परंतु ज्याने त्याच्या शैशवाचा वृत्तांत वाचला आहे, त्याला तो निव्वळ खाद्य वाटणे शक्य नाही, कारण त्याचा चिमुकला डिंभ शेपूट हलवीत पोहतो आणि त्या शेपटीतून, आपल्या पाठीच्या कण्याशी सोयरीक सांगणारा, नेमक्या ४० पेशींचा पृष्ठरज्जू गेलेला असतो.

हिरोकी निशिदा यांनी १९८०च्या दशकात या भ्रूणाच्या एकेका पेशीत खुणेचे द्रव्य टोचून तिच्या वंशजांचा माग काढला, आणि पुढे २००१ साली काइचिरो सावादा यांच्यासह असे दाखवून दिले, की ‘माचो-१’ या जनुकाचा संदेश माता अंड्यातच ठेवून देते. फलनानंतर तो मागील अंगास गोळा होतो, आणि ज्या पेशींच्या वाट्यास येतो त्यांना स्नायू होण्याचा अधिकार लाभतो. तो नाहीसा केला, तर शेपटीचे प्रमुख स्नायू घडत नाहीत. भलत्या पेशीत घातला, तर तेथे स्नायू उपजतात.

येथवर वारशाचाच जय दिसतो. परंतु भ्रूण ३२ पेशींचा होतो न होतो, तोच भावी आतडी घडविणाऱ्या पेशींकडून एफजीएफ या प्रथिनाचा इशारा शेजाऱ्यांस पोहोचू लागतो. पुढील अंगाच्या पेशींपाशी माचो-१ नसते. तेथे इशारा लाभलेली कन्यापेशी पृष्ठरज्जूची होते, न लाभलेली मज्जारज्जूची. मागील अंगास ते असते. तेथे तोच इशारा लाभलेली कन्यापेशी प्रौढाचे आवरण घडविणाऱ्या कुळात जाते, न लाभलेली स्नायू होते. एकच फर्मान दोन परगण्यांत जावे, आणि जेथे दप्तरात जुनी सनद आहे तेथे त्याची तामील एका रीतीने, जेथे नाही तेथे दुसऱ्या रीतीने व्हावी, असा हा कारभार आहे.

‘खाण तशी माती’ म्हणणारे आपले पूर्वजच, ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, असेही म्हणत आले. या दोहोंत निवाडा करण्याचे कारणच नाही, अशी साक्ष हा भ्रूण देतो: शेजाऱ्याच्या शब्दाचा अर्थ ज्याच्या त्याच्या पदरच्या ठेव्यावर ठरतो, आणि त्या शब्दापुढे ठेव्यालाही आपली वाट बदलावी लागते. भ्रूणाचा न्याय माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही हे खरे; तथापि एकाच गुरूच्या हाताखाली वाढलेल्या मुलांविषयी मत बनविताना, त्यांना काय शिकविले एवढ्यावर न थांबता, ते ऐकताना प्रत्येकाच्या पदरी काय होते, याचीही चौकशी करणे मला अगत्याचे वाटते.