गारंबीची बी

आमच्या मुरुडच्या घरी देवघराखालच्या खणात गारंबीची एक बी असायची. चपटी, गडद तपकिरी, मुठीत धरली की मूठ भरायची. पिढ्यानपिढ्यांचे हात लागून तिला चकाकी आली होती. फरशीवर खसाखसा घासली की ती तापे. मग बेसावध भावंडाच्या दंडाला टेकवायची आणि पळ काढायचा. कुठून आणली विचारलं, की आजी म्हणे, ‘‘नवाबाच्या रानातली.’’

हे रान म्हणजे फणसाड. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव जंगल. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, १९८६मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तरी आजीच्या लेखी मालक बदलला नाही. मोळी विकून चूल पेटवणाऱ्या बायांना मात्र तो बदल लगेच कळला. त्यांची कुरकुर आमच्या ओटीवर बसून चाले, आणि ती खोटी नव्हती.

बीचा वेल मी पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. त्याला वेल म्हणायला जीभ धजेना. माणसाच्या मांडीएवढा जाड, पीळ घातलेला, एका झाडावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर गेलेला. वरून मीटरभर लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. शेंगेला पेरं पाडलेली आणि पेरागणिक एक बी. बी आत पोकळ असते, त्यामुळे पाण्यावर तरंगते. पावसात ओढ्याला लागली की खाडीत आणि तिथून समुद्रात. गारंबीच्या जातकुळीतल्या बिया प्रवाहाबरोबर पार युरोपच्या किनाऱ्यावर लागलेल्या आहेत. आमची मात्र खणातच राहिली.

त्याच दिवशी शेकरूही दिसलं. आधी नुसता खडखडाट ऐकू आला, मग फांदीवरून खाली सुटलेली झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदी पकडून ते उलटं लोंबकळत होतं आणि पुढच्या दोन पंजांत फळ धरून निवांत कुरतडत होतं. खाली आमच्या अंगावर सालींचा सडा. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. झाडाला झाड लागलेलं असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो.

३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळाने तो रस्ता जागोजाग तोडला. नंतर गेलो तेव्हा जिथे भर दुपारी अंधार असायचा तिथे लख्ख ऊन पडलं होतं. एक गारंबी आपल्या झाडासकट आडवी झाली होती, पण पडल्या खोडालाच कोवळे फुटवे आले होते आणि त्यांनी शेजारच्या किंजळाकडे मोर्चाही वळवला होता.

काशीदला समुद्रात डुंबून ओल्या केसांनी अभयारण्याच्या दाराशी, सुपेगावला येणारे पर्यटक पहिला प्रश्न विचारतात, ‘‘बिबट्या दिसेल का?’’ पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. नवाबाने रान राखलं ते शिकारीसाठी. गारंबीचा वेल वाढावा म्हणून नव्हे. सांबराच्या, बिबट्याच्या नावाने जी हद्द आखली जाते, तिच्या आत शेकरू, भेकर, नीलवंत फुलपाखरू आणि हा दांडगा वेल आपापलं जगून घेतात. उन्हाळ्यात ओढे आटले की चिखलगाणीसारख्या पाणवठ्यावर सगळेच येतात. कोणाच्या नावाने रान राखलंय याची तिथे चौकशी होत नाही. बिबट्याच्या आशेने आलेल्या माणसाची तिकीटखिडकीवरची पावतीही या सगळ्यांच्याच खात्यावर जमा होते.

येत्या मे महिन्यात भाचा येतोय. त्याला अर्थातच बिबट्या हवा आहे. मी नाही म्हटलेलं नाही. फक्त मान दुखेपर्यंत वर बघत चालायची तयारी ठेव, एवढं बजावलंय.