मारव्यानंतर दरबारी

आमच्या पिढीने चांगलं गाणं ऐकलं ते बहुतेक दुसऱ्याच्या घरी. रेकॉर्ड प्लेअर असलेलं घर गल्लीत एखादं असायचं, आणि त्या घराची बैठकीची खोली म्हणजे आमची शाळा होती. मिरजेत सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर काकांचं घर होतं. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण तिथे जमायचो. नियम एकच, लावायची ती कुणीच न ऐकलेली रेकॉर्ड. ज्याने ती आणली असेल त्यानेही आधी ऐकायची नाही.

आता आम्ही पुन्हा आठ जण जमलो आहोत. कुणी मिरजेत, कुणी पुण्यात, कुणी पणजीत, एक जण न्यू जर्सीत. माझ्या भाचीने कल्पना मांडली आणि तिला नाव दिलं ‘अल्बम चॅलेंज’. दर आठवड्याला एकाने एक नावाजलेला, पण बाकीच्यांना अनोळखी असलेला अल्बम सुचवायचा. सगळ्यांनी तो एका बैठकीत, क्रम न मोडता ऐकायचा आणि रविवारी संध्याकाळी फोनवर एकत्र येऊन बोलायचं. नियम ऐकले आणि मला काकांची खोली आठवली. जे तेव्हा वस्तू दुर्मीळ म्हणून आपोआप घडत होतं, ते आता ठरवून घडवावं लागतं.

तेव्हा रेकॉर्ड मिळवणं हेच मोठं काम होतं. कुणी मुंबईला निघालं की त्याच्या खिशात चिठ्ठी जायची आणि आमची वर्गणीही. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तो चिठ्ठी दाखवायचा, आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये ते चौकोनी पाकीट मांडीवर आडवं धरून बसायचा. पाकीट उभं ठेवलं तर टेकू नीट हवा, आडवं ठेवलं तर वर काही ठेवायचं नाही, उन्हात तर न्यायचंच नाही. रात्रभर असं जपत आणलेल्या गाण्याबद्दल ते ऐकण्याआधीच आदर निर्माण व्हायचा.

आता नाव टाइप केलं की दोन सेकंदांत अल्बम हजर होतो. ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं आणि तोवर आमच्यापैकी कुणीही तिथे जायचं सोडून कितीतरी वर्षं झाली होती. जे दुकान बंद पडलं म्हणून आम्ही हळहळलो, ते आमच्याच पाठ फिरवण्याने बंद पडलं, हेही कबूल करायला हवं. जे कष्टाने मिळायचं ते आम्ही शेवटपर्यंत ऐकायचो. जे सहज मिळतं ते पहिल्या कंटाळ्याला बाजूला सारतो.

पहिला कंटाळा आला तरी उठायचं नाही, हे काकांनी शिकवलं. एकदा एकाने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणली. 1967 ची ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून उभा करायचा, अशी कल्पना. गिटारवर राग म्हटल्यावर आमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही असा काकांचा दंडक होता. अहीर भैरवने पहाट झाली, पिलू आला, रेकॉर्ड उलटली, भूप आणि देस झाले, आणि पहाडीपर्यंत येता येता आमच्या आठ्या कधी मिटल्या ते कळलंही नाही. त्या दिवशी मनाविरुद्ध बसलो नसतो, तर ते दार आमच्यासाठी कधीच उघडलं नसतं.

पण त्या खोलीबद्दल सगळं खरं सांगायचं, तर हेही सांगायला हवं. चर्चा म्हणून जे व्हायचं ते बहुतेक काकांचं बोलणं असायचं. त्यांना जे उथळ वाटलं ते आम्ही वीस वर्षं उथळ म्हणत राहिलो, त्यातलं कितीतरी स्वतः पुन्हा न ऐकताच. आणि खोलीत कोण असायचं, तर ज्याला बोलावणं गेलं तो. चार पावलांवर तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर बसलेले असायचे. घोडीवर तार कुठे टेकली की स्वर खुलतो आणि कुठे टेकली की मिटतो, हे त्यांच्या कानांना आमच्याहून शंभरपट कळत होतं. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि जिथे त्यांची कबर आहे, त्या गावात आम्ही गाण्यावर बोलत होतो. आणि त्या कारागिरांपैकी एकालाही आम्ही कधी वर बोलावलं नाही.

आता कुणी कुणाच्या मताखाली दबत नाही. भाचीने माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ सुचवला. 1959 मध्ये न्यूयॉर्कला दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम आमच्यापैकी सहा जणांनी ऐकलाच नव्हता. वादकांपुढे फार काही लिहिलेलं नव्हतं. थोडक्यात स्वरांचे आराखडे, आणि बाकीचं तिथल्या तिथे सुचेल तसं. हे ऐकल्यावर आमचा पुण्याचा मित्र एकदम म्हणाला, “अरे, मग हा रागविस्ताराचा चुलतभाऊच की!” पणजीची मैत्रीण म्हणाली, “मला कंटाळा आला.” भाचीने तिला कारण विचारलं, तिने ते सांगितलं, आणि त्या कंटाळ्यावर आम्ही अर्धा तास बोललो. काकांच्या खोलीत ‘मला कंटाळा आला’ हे वाक्य कुणाच्या तोंडून बाहेर पडणं शक्य नव्हतं.

त्याच अल्बमबद्दल आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या बैठकीच्या वेळी टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे रेकॉर्डची पूर्ण पहिली बाजू मुळाहून जराशी चढ्या सुरात वाजत राहिली, आणि 1992 च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे तेहतीस वर्षं जगाने मन लावून ऐकलं ते थोड्या चुकीच्या पट्टीत. आजोळी चावीचा ग्रामोफोन होता, तिथली आठवण याहून वेगळी नाही. स्प्रिंग सैल पडू लागली की गाणाऱ्याचा आवाज खाली घसरायचा, आणि कुणीतरी धावत जाऊन चावी द्यायचं. त्या तबकड्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. ख्यालाने नुसता श्वास घ्यावा तोवर सुई आतल्या वर्तुळात पोचलेली असायची. जुना आवाज अधिक खरा होता असं म्हणताना मी म्हणूनच थबकतो.

तरी एका गोष्टीसाठी जीव तुटतो, आणि ती आवाजाची नाही. तेव्हा आम्ही एकमेकांना ऐकताना पाहत होतो. मखमलीच्या तुकड्याने रेकॉर्ड पुसून काका सुई ठेवायचे, क्षणभर नुसती खरखर यायची, मग तंबोरा. विलंबित झुमऱ्याच्या चौदा मात्रा मला मोजता येत नव्हत्या. पण समेच्या जरा आधी काकांची तर्जनी मांडीवरून उचलली जायची, आणि समेवर साऱ्या खोलीच्या माना एकदम हलायच्या. सम मला आधी दिसली, मग ऐकू आली. आता रविवारी आम्ही ऐकलेल्याबद्दल बोलतो. ऐकताना मात्र प्रत्येक जण आपापल्या खोलीत, कानात यंत्र घालून, एकटा असतो. कुणाची तर्जनी उचलली गेली हे कुणालाच दिसत नाही.

फेब्रुवारी 1974 मध्ये उस्ताद अमीर खाँ कोलकात्यात मोटार अपघातात गेले. त्या आठवड्यात दुसरा-चौथा न पाहता काकांनी शनिवारी सगळ्यांना बोलावलं आणि खाँसाहेबांची मारवा-दरबारीची रेकॉर्ड काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा दिवेलागणीला लागला. पंचम नसलेला, षड्जावर टेकायला तयार नसलेला तो राग बाहेरच्या अंधाराबरोबर खोलीत दाटत गेला. तो संपल्यावर रेकॉर्ड उलटायला कुणीतरी हात पुढे केला, तर काका म्हणाले, “अजून वेळ आहे. दरबारी रात्रीचा.” रेकॉर्ड तशीच तबकावर राहिली. आम्ही पिठलं-भात जेवलो, अंगणात हात धुतले, खाँसाहेबांबद्दल हलक्या आवाजात बोलत राहिलो. दहा वाजून गेल्यावर काकांनी रेकॉर्ड उलटली. एकाच तबकडीच्या दोन बाजूंमध्ये आम्ही तीन-चार तास राहिलो होतो. आज दोन राग एकामागोमाग आपोआप वाजतात; मधली ती वाट पाहणं कोणत्याच यादीत सापडत नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. भाचीने आग्रह करून त्यांनाही चॅलेंजमध्ये घेतलं, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी तीच रेकॉर्ड सांगितली. मी म्हटलं, “काकू, ही तर तुमच्याच घरातली. नियम तर न ऐकलेल्या अल्बमचा आहे.”

“मी ऐकलेली नाही,” काकू म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांनी नातवाकडून फोन लावून घेतला. दिवेलागणीला मारवा ऐकला आणि रात्री दहानंतर दरबारी. तेवढं अंतर त्यांनी न सांगता पाळलं होतं. रविवारी सगळे थांबलो होतो की त्या काय म्हणतात. त्यांनी दरबारीतल्या गंधाराबद्दल विचारलं, की तो असा झुलत, जड होत का येतो? भाचीने तिला जमेल तसं आंदोलन समजावलं. मग काकू म्हणाल्या, “मारव्याला मी तेव्हा चुलीपाशी होते, दहा जणांचा स्वयंपाक होता. आणि दरबारीला मागे भांडी घासत होते. पाण्याची धार बारीक ठेवायचे आणि एकेक ताट राखेने हळू घासायचे. तुम्हाला आत खडखड ऐकू जाऊ नये म्हणून.”

फोनवर कुणीच काही बोललं नाही. त्या रात्रीची शांतता मला लख्ख आठवते. आजवर मी ती खाँसाहेबांची आणि काकांच्या दंडकाची मानत आलो होतो.

जरा वेळाने काकूंनीच विचारलं, “पुढच्या आठवड्यात कुणाची पाळी?” पाळी माझी होती. मी म्हटलं, “काकू, तुम्हीच आणखी एक सांगा.” त्यांनी यादी तयारच ठेवली होती.