करमाफी कोणाला, भार कोणावर?

सातारा म्हटले की आपल्या माणसाचे पाय आधी राजवाड्याकडे वळतात. तेथील शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाल भिवाचे नाव दाखल झाले. त्या वास्तूला वंदन करून आम्ही मंडळी एस.टी.ने कराडमार्गे सांगलीला निघालो. दोन्ही अंगांना हिरवागार ऊस होता. गाडीत विषय निघाला तो परदेशी पाहुण्यांच्या करमाफीचा.

हल्ली एका देशातल्या कंपनीचे काम दुसऱ्या देशात बसून संगणकावर करता येते. अशा लोकांनी आपल्याकडे राहायला यावे म्हणून काही सरकारे त्यांना सवलती देतात. युरोपातील क्रोएशिया 2021 पासून त्यांच्या बाहेरून येणाऱ्या पगारावर प्राप्तिकर घेत नाही. शेजारच्या खोलीतला तिथलाच कामगार मात्र कर भरतो. रस्ता तोच, दिवाबत्ती तीच! सरकार म्हणते, पाहुणा पैसा खर्च करतो, दुकानदार जगतो. तेही खोटे नाही. पण घरभाडी वाढली तर गरिबाने जावे कुठे? पोर्तुगालने 2009 मध्ये परदेशातून येणाऱ्यांना अशीच मोठी सवलत दिली होती. 2023 मध्ये तिथले पंतप्रधान कोस्टा यांनीच तिला अन्याय्य म्हटले आणि 2024 पासून ती नव्या लोकांना बंद झाली.

सांगलीत कृष्णाकाठी उतरलो, तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे हे ध्यानात आले. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान. ते 1948 मध्ये विलीन झाले. देशभरच्या संस्थानिकांना तनखे मिळाले आणि संविधानाच्या 291व्या कलमाने त्या तनख्यांवर प्राप्तिकर माफ होता. 1971 मध्ये 26व्या घटनादुरुस्तीने ते सारे संपले.

आणि आपले वाडवडील? रात्रंदिवस गावकी राबून मिळालेल्या तुटपुंज्या महार वतनावरही त्यांना सरकारला जुडी भरावी लागे. ती वाढवली गेली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी ऑगस्ट 1941 मध्ये सिन्नरला परिषद घेऊन सरकारला आव्हान दिले. राजाला माफी आणि राबणाऱ्याला वाढ, असा तो न्याय होता.

आज बुद्धवंदनेसाठी घेतलेल्या अगरबत्तीवरही आपण 5 टक्के जी.एस.टी. भरतो. त्याबद्दल तक्रार नाही, कारण करातूनच शाळा आणि दवाखाने चालतात. परदेशी पाहुण्याचाही आम्हांला द्वेष नाही. मात्र एकाला माफ केलेला कर दुसऱ्याच्या खिशातून भरून निघतो, हे विसरता कामा नये. सवलत द्यायचीच असेल तर तिची मुदत ठरवा, हिशेब लोकांपुढे मांडा आणि आधी गरजवंताकडे पाहा. बंधुभगिनींनो, आपल्या मुलामुलींना हा हिशेब विचारायला शिकवा.

जय भीम!