पिवळी बाटली

आमच्या घरी पहिला इंकजेट प्रिंटर कॉम्प्युटरसोबत आला, जवळजवळ फुकटात. फुकट का, ते शाई संपल्यावर कळलं. नव्या कार्ट्रिजची जोडी प्रिंटरच्याच भावात! मग बाबा रिफिलच्या नादी लागले. जमिनीवर पेपर पसरायचा, कार्ट्रिजचं स्टिकर सोलायचं, सिरिंजची सुई आतल्या स्पंजात खुपसायची आणि शाई अगदी सावकाश सोडायची. घाई केली की खालून गळती. मॅजेंटा बोटांवरून जाता जायचा नाही. शाळेत मुली विचारत, मेंदी कुणाच्या लग्नाची?

गंमत म्हणजे या यंत्राच्या जन्मकथेतही सिरिंज आहे. 1977 साली जपानमध्ये, कॅननच्या प्रयोगशाळेत, गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकलं आणि टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो यांनी ते हेरलं. आजही अनेक प्रिंटरांत हेच चालतं. केसाहून बारीक नोझलमागचा हीटर क्षणार्धात तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो, थेंब कागदावर फेकला जातो. बुडबुडा विरला की नवी शाई आत ओढली जाते. दुसऱ्या जातीच्या प्रिंटरांत तापवणं नाहीच. तिथे विजेने आकार बदलणारा पिझो स्फटिक शाईला ढकलतो. थेंब जेमतेम काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरचे एकावर बारा शून्यं इतके भाग केले तर त्यातले मोजके.

म्हणूनच फोटो काढावेत ते यावरच. ग्लॉसी कागदावर आईच्या पैठणीचा मोरपंखी काठ असा उतरला की ती स्वतःच हात लावून बघत होती. पण त्याच शाईतला माझा कॉलेजचा अर्ज जुलैच्या पावसात निघाला आणि खिडकीपाशी पोहोचेपर्यंत आडनाव वाहून गेलं. झेरॉक्सवाल्याच्या लेझरचा टोनर कागदावर वितळून बसतो, तो पाण्याला दाद देत नाही. पिगमेंट शाई बरीच टिकते, साधी डाय शाई नाही.

आता टाकीवाला प्रिंटर आहे. बाटली ओतली की महिनोन्‌महिने बघायला नको. दुखणं मात्र जुनंच: वापरला नाही की शाई वाळते, हेड चोक होतं, छापलेल्या पानावर पांढऱ्या रेघा. हेड क्लीनिंग केलं तर चांगली शाई तळाच्या पॅडमध्ये जिरते. वर्षाकाठी चार कागद छापणाऱ्याने हा घेऊच नये, कोपऱ्यावरच्या दुकानात जावं. आमच्याकडे तिकिटं आणि पावत्या मोबाइलवर गेल्या, तरी प्रिंटर रिकामा बसत नाही. लेकीला डायनासोर लागतात, आणि ते हिरवेच. हिरवा म्हणजे सायन अधिक पिवळा; त्यामुळे मॅजेंटाची टाकी भरलेली आणि पिवळी कायम तळाला.